खरा कोण, हे बायकोला विचारा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चिंचवडला राहतो, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. विज्ञानकथा वाचायचा नाद शाळेपासूनचा. गेल्या वर्षी धीर करून पहिली कथा लिहिली. नाव 'प्रत'. एक शास्त्रज्ञ क्वांटम तंत्रानं माणसाची हुबेहूब प्रत काढणारं यंत्र बनवतो आणि पहिला प्रयोग स्वतःवरच करतो. मग एक जण प्रयोगशाळेत राहतो, दुसरा घरी जातो. घरी गेलेला आपली हकिगत सांगतो आणि अगदी शेवटच्या ओळीत कळतं की हा सांगणाराच प्रत आहे.

कथा दोन दिवाळी अंकांना पाठवली. एकाकडून काहीच कळलं नाही. दुसऱ्या संपादकांनी दोनच शब्द लिहून परत केली : 'शेवट ओळखीचा.' मित्र म्हणतो, हा विषय इंग्रजीत चघळून चोथा झालाय, आणि मराठी वाचकाला 'मी कोण' म्हटलं की अध्यात्म आठवतं, विज्ञान नाही. शेवट बदलू का? की विषयच सोडून देऊ? आणखी एक. मी लिहितो हे कारखान्यात कुणाला माहीत नाही. टोपणनावानं पाठवली तर चालतं का? कथा सोबत जोडतो आहे.

स. द., चिंचवड

उत्तर

प्रिय स. द.,

कथा वाचली. संपादकांचं बरोबर आहे आणि तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. चोथा झालाय तो कलाटणीचा. विषयात अजून भरपूर रस आहे.

सांगणाराच नकली निघतो ही युक्ती फिलिप के. डिक यांनी १९५३ साली 'इम्पोस्टर' या कथेत वापरली. त्यातल्या स्पेन्स ओलहॅमवर आरोप असा की, तो ओलहॅम नाहीच. परग्रहावरच्या शत्रूनं त्याच्या जागी आणून बसवलेला यंत्रमानव आहे आणि त्याच्या शरीरात बॉम्ब आहे. बिचारा कथाभर जीव घेऊन पळतो, आपण आपणच आहोत याचा पुरावा शोधतो. शेवटी एक प्रेत सापडतं. ते खऱ्या ओलहॅमचं असतं, आणि हे त्याच्या तोंडून निघतंय तोवरच बॉम्ब फुटतो. तेव्हापासून विज्ञानकथांचा वाचक 'मी' म्हणून बोलणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाकडे संशयानं बघतो. तुमचा नायक पहिल्याच पानावर 'मला सगळं लख्ख आठवत होतं' म्हणाला, तिथेच मी समासात 'ही प्रत' असं लिहून मोकळी झाले.

म्हणून शेवट बदलू नका. तो उचलून मध्यावर आणा.

ग्रेग ईगन या ऑस्ट्रेलियन लेखकाची 'लर्निंग टू बी मी' ही १९९० सालची कथा मिळवून वाचा. त्या जगात प्रत्येक मुलाच्या कवटीत एक छोटंसं रत्न बसवलेलं असतं. ते आयुष्यभर मेंदूवर नजर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करायला शिकतं. वयाच्या तिशीच्या आसपास लोक मेंदू काढून टाकतात आणि कारभार रत्नाकडे सोपवतात, कारण रत्न म्हातारं होत नाही. निवेदकाला लहानपणापासून एकच घोर : हे रत्न म्हणजे मी का? आणि मग कथा बरीच शिल्लक असताना एक दिवस त्याचे हातपाय त्याचं ऐकेनासे होतात. तो मनात एक आणतो, शरीर दुसरंच करतं. मेंदू आणि रत्न यांची चाल एक ठेवणारी व्यवस्था बिघडलेली असते, आणि तो स्वतःच रत्न असतो! आता आपलंच शरीर दुसरा कुणी वापरतोय हे त्याला आतून मुकाट बघत बसावं लागतं. कलाटणी होऊन गेली तरी कथा तिथे संपत नाही, कारण 'आता पुढे काय' हा प्रश्न आत्ता कुठे उभा राहिलेला असतो. तुमच्याकडे कलाटणी आली की तुम्ही वाचकाच्या हातात टाळं देऊन निघून जाता.

आता तुमच्या कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य. ते तुम्हालाही माहीत नाही असं दिसतं. नायक घरी येतो, बायको चहा देते, आणि तुम्ही लिहिता : 'गडबडीत तिची साखर घालायची राहिली होती. तो काही न बोलता प्याला.' त्याआधी तुम्ही सांगून ठेवलंय की हा माणूस दोन चमचे साखर घेतो आणि त्यावरून आईची बोलणी खातो. म्हणजे साखर हा तुम्ही वाचकासाठी पेरलेला दुवा. पेरला आणि लगेच मज्जापेशींच्या जोडण्यांवर दीड पान लिहायला बसलात. अहो, पण ती बाई? तिनं स्वतःच्या कपातला घोट घेतला तेव्हा तिला कळलंच असणार की साखर राहिली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं का? दमला असेल म्हणून सोडून दिलं का? 'दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दामच साखर घातली नाही' एवढं एक वाक्य पुढे लिहून बघा. कथा लगेच तुमच्या हातातून निसटून तिच्या हातात जाईल. जाऊ द्या. आत्ता तर तिला नावसुद्धा नाही, सगळीकडे नुसतं 'पत्नी'.

मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचीच उदाहरणं. 'मी खरा की खोटा' असा घोळ घालत बसलेला माणूस चार पानांत कंटाळा आणतो. दारात उभ्या असलेल्याला घरात घ्यायचं की नाही हे ज्याला ठरवावं लागतं, ज्याचं त्यात काही जाणार आहे, त्याच्याजवळ बसा.

स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची 'सोलारिस' ही १९६१ सालची कादंबरी घ्या. केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ दूरच्या ग्रहावरच्या स्थानकात पोचतो. झोपून उठतो तर समोर त्याची बायको, हारेय. तिनं दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली आहे. ग्रहावरच्या समुद्रानं केल्विनच्या आठवणीतून ती घडवली आहे. (जुना इंग्रजी अनुवाद मिळाला तर त्यात तिचं नाव रिया आहे, गोंधळू नका.) इथे एखाद्यानं पानंच्या पानं तत्त्वज्ञान पाजळलं असतं. लेम काय करतात? तिला कपडे बदलायचे असतात आणि तिचा पोशाख काढताच येत नाही. पुढची बटणं नुसती शोभेची, उघडायला कुठेही जागा नाही. शेवटी तो कापावा लागतो. मी तो प्रसंग असा वाचते : केल्विनला तो पोशाख दिसायला कसा होता ते आठवतं, तो काढतात कसा हे त्याच्या आठवणीत नव्हतंच, म्हणून समुद्रालाही जमलं नाही. आठवणीतून केलेल्या माणसाची मर्यादा एका पोशाखात दाखवली. घाबरून केल्विन तिला यानात कोंडून अवकाशात पाठवून देतो. मग दुसरी येते. या दुसरीला हळूहळू कळत जातं की आपण ती नव्हे. शेवटी ती स्वतःहून स्वतःला नाहीसं करून घेते. मागे चिठ्ठी ठेवते, आणि तिच्या खाली सही केलेली असते ती खोडलेली. नाव लिहिलं आणि मग काट मारली. तुमच्या दीड पानाच्या मज्जापेशी या एका खोडलेल्या सहीपुढे उभ्या राहत नाहीत, राग मानू नका.

दुसरी, जेम्स पॅट्रिक केली यांची 'थिंक लाइक अ डायनोसॉर', १९९५. तिच्यात प्रवासी बाईचं नाव कमला शास्त्री आहे! यंत्र माणसाची प्रत दूरच्या जगात उतरवतं. ते तंत्र देणाऱ्या, डायनोसॉरसारख्या दिसणाऱ्या परग्रहवासीयांची अट अशी की प्रत पोचली की इकडची मूळ नष्ट करायची. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. कमलाच्या वेळी पोचल्याची खबर यायला उशीर होतो, ती यंत्रातून बाहेर येते, आणि मग खबर येते. आता यंत्राशी बसलेल्या मायकेलला आपल्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या, जगायचं आहे म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं ते ठरवायचंय. अख्खी कथा मायकेलची आहे.

मित्राचं दुसरं म्हणणं, मराठी वाचकाला यात अध्यात्मच दिसतं. त्याला पानिपत दाखवा. १७६१ साली सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण ते जिवंत असल्याच्या वार्ता थांबल्या नाहीत. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक तोतया उभा राहिला. त्याला कैदेत टाकला, तिथूनही तो सुटला, लोक त्याच्या मागे गेले, कोकणात त्यानं बंड माजवलं, आणि १७७६ साली नाना फडणिसांच्या कारभारात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. या सगळ्या काळात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पुण्यात होत्या. त्यांनी नवऱ्याचा मृत्यू कधी मानला नाही, कुंकू पुसलं नाही. आता बघा : तोतया खरा ठरला तर पेशवाईच्या वारसाहक्काचा गोंधळ, खोटा ठरला तर या बाईंच्या आशेवर पाणी. दाढी, चेहरामोहरा, बोलण्याची लकब, जुन्या खाजगी आठवणी, यांतलं किती जुळलं म्हणजे माणूस तोच? हा प्रश्न आपल्याकडे क्वांटमच्या आधी विचारून झालाय, आणि तोही अध्यात्माचं नाव न घेता.

गंमत म्हणजे मराठी विज्ञानकथाही पानिपतावर गेली. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत तुम्हाला माहीत असणारच. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, अशा दुसऱ्याच इतिहासात ते जाऊन पडतात. त्या कथेतलं पानिपत सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षात राहिलाय तो मुंबईतल्या कचेरीतला छोटासा प्रसंग. पंत आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची चौकशी करतात. स्वागतिका यादी बघते, सगळ्या शाखांच्या याद्या बघते आणि सांगते, या नावाचं कुणी नाही. मग पंतांच्या मनात येतं की, या जगात तो कदाचित जन्मलाच नसेल. बापाच्या दृष्टीनं इतिहास बदलणं म्हणजे काय, ते त्या यादीत कळतं. परत वाचा, आणि नारळीकर तिथे किती कमी शब्द खर्च करतात ते मोजा.

अध्यात्म नको असेल पण जुनं काही हवंच असेल तर वेताळ आहेच. एका बाईकडून तिचा नवरा आणि भाऊ यांची मुंडकी अदलाबदल होऊन धडांवर बसतात, आणि वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोणता? राजा म्हणतो, डोकं ज्याचं तो. वेताळ झाडावर परत. जर्मन लेखक टोमास मान यांनी ही गोष्ट कादंबरीत नेली, तिथून गिरीश कार्नाडांनी १९७१ साली 'हयवदन' केलं, आणि ते विजया मेहतांनी मराठी रंगभूमीवर आणलं. कार्नाड राजाच्या उत्तरावर खूश नव्हते. त्यांच्या नाटकात डोकं हळूहळू धडाला आपल्या वळणावर आणतं, पहिलवानी शरीर मिळालेला कवी पुन्हा सुकतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्या असणारी पद्मिनी होती तिथेच राहते. अवयवरोपणाची इतकी चांगली विज्ञानकथा आपल्या भाषेत खेळली गेली, फक्त शल्यचिकित्सक म्हणून काली होती. तत्त्वज्ञांपैकी वाचायचेच असतील तर डेरेक पार्फिट पुरे, १९८४ चं पुस्तक. मंगळावर माणूस पाठवणाऱ्या यंत्राचा प्रकार त्यात आहे. पण कथा लिहून झाल्यावर वाचा, आधी नको.

विज्ञानाचं एक खटकलं. 'क्वांटम तंत्रानं तंतोतंत प्रत' असं तुम्ही लिहिलंय. नेमकं क्वांटम शास्त्रच म्हणतं की, अज्ञात क्वांटम अवस्थेची तंतोतंत प्रत काढता येत नाही. हा सिद्धांत १९८२ सालचा. १९९३ मध्ये क्वांटम टेलिपोर्टेशनची कल्पना मांडली गेली, तीत अवस्था दुसरीकडे उमटते तेव्हा इकडची शिल्लक राहत नाही. म्हणजे क्वांटम म्हणायचं तर तुमचा प्रयोगशाळेतला माणूस उरत नाही. एक तर शब्द काढा आणि साध्या भाषेत 'यंत्र' म्हणा, कुणी हिशोब मागणार नाही. नाहीतर तो नियमच कथेत वापरा.

आणि शास्त्रज्ञ कशाला हवाय? तुमचा शास्त्रज्ञ मला कुठल्या तरी अनुवादातून आलेला वाटला. पांढरा कोट, विस्कटलेले केस, रात्रभर जागरण. मेंटेनन्सचा माणूस मात्र तुम्हाला आतून माहीत आहे. मशीनचा एकेक पार्ट बदलत दहा वर्षांत जुनं काही उरत नाही, तरी ॲसेट नंबर तोच राहतो, हे तुम्ही रोज बघता. प्रतीचं यंत्र एखाद्या कारखान्यात असू दे आणि ते दुरुस्त करताना फिटरची प्रत निघू दे. आता दोन माणसं, एक नोकरी, एक घर. पहिली पाळी एकाची, तिसरी दुसऱ्याची. अंगठा दोघांचाही मशीन घेतं. घराचा हप्ता लवकर फिटायला लागतो. बायकोला हे माहीत आहे की नाही? माहीत असेल तर ती शेजाऱ्यांना काय सांगते? आणि मग एक दिवस तिसऱ्या पाळीत एकाचा अंगठा प्रेसमध्ये जातो. त्या क्षणापासून ते दोघं एक नाहीत. अंगठा उमटणार एकाचाच, भरपाई मिळणार एकालाच, आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर नॉमिनी तर एकच बाई आहे. पेन्शनर मंडळींना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, स्वतः समोर उभं राहूनही झिजलेल्या बोटांचे ठसे उमटले नाहीत म्हणून कित्येकांना खेटे घालावे लागले आहेत. अशा देशात 'खरा कोण' या प्रश्नासाठी परग्रह लागत नाही. हे कथानक तुमचं म्हणून घ्या किंवा फेकून द्या, पण त्या दोघांचे हात लिहाल तर तुमच्याइतके चांगले कुणी लिहिणार नाही.

एकच सावधगिरी. ते दोघं एकमेकांशी काय बोलतील याचा नीट विचार करा. सगळं जर एकमेकांना माहीतच असेल तर संवाद लिहिणं फार अवघड जातं. उर्सुला ले ग्विन यांची 'नाइन लाइव्ह्ज' ही १९६९ सालची कथा याच अडचणीतून उभी आहे. एकाच माणसाचे दहा क्लोन, पाच पुरुष नि पाच बायका, दूरच्या ग्रहावर खाणीचं काम करायला येतात. आपापसांत ते इतके पुरे असतात की दुसऱ्या कुणाची त्यांना गरजच नसते. भूकंपात नऊ मरतात. उरलेल्या काफला आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाबरोबर राहायची वेळ येते, आणि ते कसं करतात हेच त्याला ठाऊक नसतं. तिथे आधीपासून राहणारी दोन साधी, एकमेकांना कंटाळलेली माणसं त्याला ते शिकवतात, शिकवतोय असं न म्हणता. तुमच्या दोन फिटरांमध्ये ती बाई का हवी, याचं उत्तर या कथेत सापडेल.

टोपणनावाचं. खुशाल घ्या. वर सांगितलेली ले ग्विन यांची कथा ज्या मासिकात आली त्यांनी लेखिकेचं नाव पूर्ण न छापता 'यू. के.' अशी आद्याक्षरंच छापली, बाईचं नाव दिसू नये म्हणून. तो प्रकार वाईट होता. आपल्याकडचा जास्त आवडण्यासारखा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली ती नारायण विनायक जगताप यांच्या नावानं. जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी करून हे गृहस्थ तयार झाले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. बक्षीस जगतापांना मिळालं. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये ही नारळीकरांची अडचण, तुमची उलटी आहे, तुम्हाला सुपरवायझरची चेष्टा चुकवायची आहे. कारण कुठलंही चालतं. संपादकांना मात्र सोबतच्या पत्रात खरं नाव, पत्ता आणि फोन द्या, आणि छापायचं नाव कोणतं ते ठळक लिहा. स्पर्धेला पाठवणार असाल तर आधी नियम वाचा. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच ठरतं, तेव्हा नवा खर्डा जूनच्या आत हातावेगळा करा. मानधनाचा चेक खऱ्या नावानं मागा, जगतापांचं केवायसी कुठलीच बँक करणार नाही.